कुत्र्याला त्वचेची अ‍ॅलर्जी आहे असं कळल्यावर

रात्री दोन वाजता पलंगाखालून येणारा पंजे चाटण्याचा चपचप आवाज ऐकत ज्यांनी जागरणं काढली आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. आमची पिठी लॅब्रॅडोर आहे, रंगाने खरोखर पिठासारखी. दीड वर्षाची असताना, पावसाळ्यात, तिने पंजे चाटायला सुरुवात केली. आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो. मागे येऊरचा डोंगर, पुढे खाडी, आणि जून ते सप्टेंबर भिंतीला हात लावला तरी ओल लागते. पंधरा दिवसांत तिचे पांढरे पंजे काथ लागल्यासारखे तांबूस झाले. आधी मला वाटलं चिखलाचा डाग असेल. तो लाळेचा डाग होता. फिक्या रंगाच्या कुत्र्याचे पंजे असे तांबूस दिसले की कुत्रं तिथे खूप दिवस चाटतंय, असं समजा.

आज ती सात वर्षांची आहे. मी पशुवैद्य नाही, आणि औषधांचे डोस इथे मुद्दाम दिलेले नाहीत. कुत्र्याचं वजन, वय आणि रक्ततपासणी न पाहता दिलेला डोस घातक ठरू शकतो. कुठलं काम आधी करायचं आणि कुठलं नंतर, एवढंच सांगते, कारण आमची चूक नेमकी तिथे झाली.

खाज थांबवणं आणि खाजेचं कारण शोधणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं एका इंजेक्शनने एका दिवसात होतं. दुसऱ्याला तीन-चार महिने लागतात. आम्ही सुरुवातीचे आठ महिने फक्त पहिलंच काम करत राहिलो. एका दवाखान्यात दर महिन्याला स्टेरॉइडचं इंजेक्शन मिळायचं, तीन आठवडे शांतता, मग पुन्हा खाज. पिठी पाण्याचं भांडं एका दमात संपवायची, तिचं वजन वाढत गेलं, लिफ्टमध्ये लघवी व्हायला लागली. हे सगळं इंजेक्शनामुळे होत होतं, आणि आम्ही तिलाच रागावायचो. तो राग तिच्यावर काढला याचं मला अजून वाईट वाटतं.

डॉक्टरकडे जाण्याआधी

भिंतीवरच्या कालनिर्णयात रोज एक आकडा लिहायला लागा, ० ते १० मधला. ० म्हणजे खाज नाही. १० म्हणजे खाणं, खेळणं, झोपणं सोडून सतत खाजवणं. शेजारी त्या दिवशी काही वेगळं घडलं असेल तर दोन शब्द: "आंघोळ", "येऊरला फिरलो", "अंडं दिलं". "जरा बरं वाटतंय" या वाक्यातून डॉक्टरांना काहीच कळत नाही. "आठवरून चारवर आलं, पण गोळी संपल्यावर तीन दिवसांत सातवर गेलं" यातून पुष्कळ कळतं.

खाज कुठे आहे तेही नीट बघा. शेपटीच्या मुळाशी, कंबरेच्या मागच्या भागावर आणि मांड्यांच्या मागे असेल तर पहिला संशय पिसवांवर. पंजे, कान, काखा, जांघा, तोंडाभोवती असेल तर हवेतल्या किंवा घरातल्या धुळीची अ‍ॅलर्जी, म्हणजे डॉक्टर जिला अ‍ॅटोपी म्हणतात ती, नाहीतर खाण्याची. नुसतं पाहून या दोघींतला फरक कोणालाच सांगता येत नाही, अनुभवी डॉक्टरांनाही नाही. अ‍ॅटोपी बहुधा सहा महिने ते तीन वर्षं या वयात सुरू होते आणि पुष्कळदा ऋतूप्रमाणे कमीजास्त होते. खाण्याची अ‍ॅलर्जी कुठल्याही वयात येते, बाराही महिने राहते, कधी सोबत पोटही बिघडतं.

कानांच्या कडा आणि कोपरांवर खपल्या धरल्या असतील, आणि घरातल्या माणसांच्याही हातापोटावर खाजरे पुरळ येत असतील, तर ती अ‍ॅलर्जी नसून खरूज असू शकते. गोल चट्टा पडून केस गेले असतील तर नायटा. दोन्ही माणसांना लागतात. त्यामुळे घरात लहान मूल किंवा आजी-आजोबा असतील तर थांबू नका.

पहिलं काम: पिसवा

"आमच्याकडे पिसवा नाहीतच" असं प्रत्येक घर म्हणतं. आम्हीही म्हणायचो, पिठी तर सहाव्या मजल्यावर राहते! पण ती दिवसातून तीनदा खाली जाते, आणि खाली सोसायटीतली चार कुत्री त्याच सावलीत झोपतात. घरी करून बघा: पांढरा कागद किंवा ओला टिश्यू जमिनीवर ठेवा, बारीक दातांच्या फणीने पाठीवरून विंचरा. खाली पडलेले काळे कण ओल्या कागदावर तांबडे पसरले तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त.

कण मिळाले नाहीत तरी उपचार करायचाच. पिसवांच्या लाळेची अ‍ॅलर्जी असलेल्या कुत्र्याला थोडे चावेसुद्धा पुरतात, आणि खाजवता-चाटता कुत्रं पिसवा गिळून टाकतं, म्हणून दिसत नाहीत. शिवाय अंगावर दिसणाऱ्या पिसवा हा सगळ्या पसाऱ्याचा छोटा भाग असतो. अंडी अंगावरून गळून गादीत, सोफ्याच्या फटीत, पायपुसण्यात पडतात. तिथे अळ्या होतात, मग कोष होतात, आणि कोषावर औषधाचा फारसा परिणाम होत नाही. म्हणून एकदा औषध देऊन थांबायचं नाही, निदान तीन महिने सलग द्यायचं. आपल्याकडे थंडी म्हणावी अशी थंडी पडतच नाही. त्यामुळे ठाण्यात मी ते बाराही महिने देते.

औषधांत हल्ली चावून खायच्या गोळ्या सर्वांत सोप्या: नेक्सगार्ड आणि सिंपारिका महिन्याला एक, ब्राव्हेक्टो साधारण बारा आठवड्यांना एक. या गोळ्यांनी गोचिडी आणि खरजेचे किडेही मरतात, त्यामुळे तीन शंका एकदम निकालात निघतात. कुत्र्याला कधी फिट आली असेल तर मात्र डॉक्टरांना आधी सांगा, या गटातली औषधं तिथे जपून वापरतात. मानेवर टाकायचे थेंबही मिळतात. घरात मांजर असेल तर कुत्र्याचे थेंब तिला चुकूनही लावू नका. परमेथ्रिन असलेले थेंब मांजरासाठी विष आहेत. घरातल्या प्रत्येक प्राण्याला त्याचं त्याचं औषध एकाच वेळी द्या, नाहीतर पिसवा एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर राहायला जातात.

दुसरं काम: जंतू आणि यीस्ट

अ‍ॅलर्जीमुळे कातडीचं संरक्षण कमी पडतं, मग तिथे जंतू आणि यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी, वाढतात आणि त्यांचीही खाज सुरू होते. अंगाला उग्र, आंबूस वास, तेलकटपणा, जांघेतली कातडी काळी आणि जाड होणं हे बहुधा यीस्टचं काम. पुटकुळ्या, पिवळट खपल्या, गोल कोंड्याची कडा असलेले डाग हे जंतूंचं. ही खाज अ‍ॅलर्जीच्या कितीही महागड्या औषधाने जात नाही. ते औषध कुचकामी नसतं, त्याला नको ते काम दिलेलं असतं.

दवाखान्यात दोन तपासण्यांचा आग्रह धरा. एक, कातडी हलकेच खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली किडे बघणं. दोन, चिकटपट्टी किंवा काचपट्टी कातडीवर दाबून जंतू आणि यीस्ट बघणं. दोन्ही तिथल्या तिथे होतात. यातलं काहीच न करता तिसऱ्यांदा अँटिबायोटिक लिहून मिळत असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. अँटिबायोटिक लागलंच तर सांगितलेल्या मुदतीपर्यंत द्या. चार दिवसांत कातडी छान दिसली म्हणून बंद केलेली गोळी पुढच्या वेळी काम करेलच असं नाही. दोन कोर्सनंतरही पुटकुळ्या येत असतील तर कल्चर, म्हणजे कुठले जंतू आहेत आणि त्यांना कुठलं औषध लागू पडेल याची तपासणी, करून घ्या.

कान विसरू नका. वारंवार कान दुखणं हे काही कुत्र्यांत अ‍ॅलर्जीचं एकमेव लक्षण असतं. घरात पडलेले माणसांचे कानाचे थेंब टाकू नका. पडदा फाटलेला असेल तर काही औषधांनी बहिरेपण येतं, आणि पडदा शाबूत आहे की नाही ते डॉक्टरांनी आत बघितल्याशिवाय कळत नाही.

आंघोळ हेही औषधच

कुत्र्याला जास्त आंघोळ घालू नये हे आपण ऐकत आलो आहोत. निरोगी कुत्र्याबाबत ठीक आहे. अ‍ॅलर्जी असलेल्या कुत्र्याची औषधी शाम्पूने आठवड्यातून एकदा, सुरुवातीला दोनदा आंघोळ, हा उपचाराचाच भाग आहे. अंगाला चिकटलेली धूळ आणि परागकण त्याने धुऊन निघतात. जंतू असतील तर क्लोरहेक्सिडीन, यीस्ट असेल तर त्यासोबत मायकोनॅझोल किंवा केटोकोनॅझोल असलेला शाम्पू डॉक्टर देतात. सौम्य संसर्ग कधीकधी एवढ्यानेच जातो.

पद्धत महत्त्वाची. पाणी कोमट किंवा गार, गरम पाण्याने खाज वाढते. फेस अंगावर दहा मिनिटं राहायला हवा, आणि ही दहा मिनिटं घड्याळ लावून मोजा, कारण बाथरूममध्ये ओला कुत्रा धरून बसलं की तीन मिनिटंही दहा वाटतात. मी पिठीला त्या वेळात काकडीचे तुकडे एकेक करून देते. मग भरपूर पाण्याने धुवा आणि बोटांच्या बेचक्या, काखा, जांघा पूर्ण कोरड्या करा. पावसाळ्यात अर्धवट ओलं राहिलेलं कुत्रं दोन दिवसांत पुन्हा वास मारतं. ड्रायर असेल तर गार हवेवर.

माणसांचा साबण किंवा शाम्पू नको, कुत्र्याच्या कातडीचा आम्लपणा आपल्यापेक्षा वेगळा असतो. फिनाइल, घरातली जंतुनाशकं, टी ट्री ऑइल अंगाला लावू नका. कुत्रं चाटतं आणि ते पोटात जातं. लूत लागलेल्या रस्त्यावरच्या कुत्र्याला गाडीचं जळकं ऑइल फासणारे भले लोक मी आमच्याच रस्त्यावर पाहिले आहेत. त्यांची कळकळ खरी असते, पण ऑइल कातडीतून आणि जिभेवाटे अंगात भिनतं आणि कुत्रं त्याने मरू शकतं. त्यांना रागावण्याऐवजी डॉक्टरांकडून वजनाप्रमाणे योग्य गोळी घेऊन बिस्किटात घालून द्यायला सुचवा. मी सुचवते, आणि पुष्कळ जण ऐकतात.

खोबरेल तेलाने कोरडेपणा थोडा मऊ होतो, अ‍ॅलर्जी जात नाही. आणि घरातल्या औषधांच्या डब्यातली ती "खाज-खरूज-नायटा" सगळ्यावर चालणारी मलमाची ट्यूब तिथेच राहू द्या. अशा मलमांत बहुधा तीव्र स्टेरॉइड असतं.

तिसरं काम: आठ आठवड्यांचा आहार

पिसवा आणि संसर्ग आटोक्यात आल्यावरही खाज उरली, तर हे करायचं. सर्वांत जास्त घरं इथे हार मानतात, म्हणून सविस्तर लिहिते.

खाण्याची अ‍ॅलर्जी ओळखायला रक्ताची, केसांची किंवा लाळेची भरवशाची तपासणी नाही. ऑनलाइन मिळणाऱ्या संचांवर पैसे घालवू नका. खात्रीचा मार्ग एकच: आठ आठवडे कुत्र्याने आयुष्यात कधीही न खाल्लेलं एक प्रथिन आणि एक पिष्टमय पदार्थ, दुसरं काहीही नाही. कुत्र्यांना बहुतेक वेळा अ‍ॅलर्जी येते ती बीफ, दूध, चिकन आणि गहू यांची. म्हणजे आपल्या घरातला पोळी-दूध आणि चिकन-भात हा रोजचा बेतच संशयित आहे. "इतकी वर्षं चिकन खातोय, आता कशी होईल?" हा प्रश्न सगळे विचारतात. अ‍ॅलर्जी वारंवार पोटात गेलेल्या पदार्थाचीच होते.

पिठीने मासे कधी खाल्ले नव्हते, कारण आमच्या घरात मासे शिजत नाहीत. डॉक्टरांनी उकडलेला मासा आणि रताळं सुचवलं. शेजारच्या कोळी काकू रोज सकाळी काटे काढून मासा उकडून द्यायच्या, मीठ-मसाला नाही, कांदा-लसूण तर नाहीच, कारण कुत्र्याला ते विषारी. तुमच्या कुत्र्याने बांगडा-सुरमई चाखली असेल तर मासा उपयोगाचा नाही. अशा वेळी किंवा शाकाहारी घरासाठी सोपा मार्ग म्हणजे डॉक्टरांमार्फत मिळणारं हायड्रोलाइज्ड खाणं. त्यात प्रथिनाचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की शरीर बहुधा ते ओळखत नाही. महाग पडतं, पण दोन महिनेच घ्यायचं असतं. दुकानातल्या साध्या "हायपोअ‍ॅलर्जेनिक" पाकिटावर विसंबू नका. पाकिटावर न लिहिलेली प्रथिनं अशा खाण्यात अनेकदा सापडली आहेत. पिल्लू असेल तर घरचं खाणं स्वतःच्या मनाने ठरवू नका, कॅल्शियमचा तोल बिघडून हाडांचं नुकसान होतं.

आता या आहारात चोरवाटा कुठे असतात ते. वॉचमनकाकांचं ग्लुकोज बिस्किट (गहू आणि दूध). आजोबांनी ताटाखाली सरकवलेला पोळीचा तुकडा. बाळाच्या हातातून सांडलेलं. मांजराच्या वाटीतलं. चघळायची हाडं. मांसाच्या चवीच्या जंतांच्या आणि पिसवांच्या गोळ्या, या काळापुरता पर्याय डॉक्टरांना विचारा. आमचा आहार पहिल्यांदा पाचव्या आठवड्यात मोडला तो गणपतीत, घरी आलेल्या पाहुण्यांनी प्रेमाने पेढा दिला म्हणून. पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात केली, तेव्हा पिठीच्या पट्ट्याला चिठ्ठी बांधली: "मला काही खायला देऊ नका, औषध चालू आहे." "अ‍ॅलर्जी" लिहिलं असतं तर लोकांनी विचारलं असतं, एका बिस्किटाने काय होतंय? "औषध" म्हटल्यावर सगळे थांबतात.

आठ आठवड्यांनी खाज उतरली तरी काम संपलेलं नाही. जुनं खाणं पुन्हा सुरू करून बघायचं. दोन आठवड्यांत खाज परतली तर खाण्याची अ‍ॅलर्जी पक्की, मग एकेक पदार्थ वेगळा देऊन नेमका दोषी शोधता येतो. बरं झालेलं कुत्रं मुद्दाम पुन्हा खाजरं करायला मन धजत नाही. पण हे केलं नाही, तर कदाचित निव्वळ ऋतू बदलल्यामुळे उतरलेल्या खाजेसाठी त्याचं चिकन जन्मभर बंद होतं.

पिठीच्या बाबतीत आकडा सातवरून पाचवर आला, आणि चिकन सुरू केल्यावर पाचवरच राहिला. म्हणजे खाणं दोषी नव्हतं. उरली अ‍ॅटोपी.

चौथं काम: खाजेचं औषध निवडणं

अ‍ॅटोपी जन्मभराची. औषध निवडताना ते किती लवकर लागू पडतं, किती काळ देता येतं आणि खिशाला किती पेलवतं, हे तिन्ही डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला. परवडत नाही हे सांगायला लाजू नका, स्वस्तातलाही मार्ग असतो.

स्टेरॉइड वाईट नाही. प्रेडनिसोलोनच्या गोळ्या स्वस्त आहेत, झपाट्याने लागू पडतात, आणि भडका उडाला असताना थोड्या दिवसांसाठी फार उपयोगी आहेत. तहान, भूक आणि लघवी वाढणारच, त्या दिवसांत कुत्र्याला जास्त वेळा खाली न्या. अनेक दिवस चालू असलेली गोळी एकदम बंद करायची नाही, डॉक्टर सांगतील तशी उतरवायची. सोबत मेलॉक्सिकॅमसारखी दुखण्याची गोळी चालत नाही, पोटात व्रण होतात. माझा आक्षेप आहे तो महिनोन्‌महिने चालणाऱ्या दीर्घ परिणामाच्या इंजेक्शनाला. गोळीचा त्रास झाला तर कमी करता येते, टोचलेलं इंजेक्शन परत काढता येत नाही. सुई टोचण्याआधी विचारा: यात काय आहे, आणि याचा परिणाम किती दिवस राहतो? हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, आणि चांगला डॉक्टर रागावत नाही.

ऑक्लासिटिनिब, म्हणजे अपोक्वेल, खाजेचा निरोप मेंदूपर्यंत नेणारी साखळी अडवते. काही तासांत फरक दिसू लागतो, तहान-लघवीचा त्रास नाही. एक वर्षाच्या आतल्या कुत्र्याला देत नाहीत. गंभीर संसर्ग किंवा गाठ असेल तर टाळतात, आणि दीर्घकाळ चालू असेल तर ठरावीक काळाने रक्त तपासतात. पिठी पावसाळ्याचे चार महिने यावर असते.

लोकिव्हेटमॅब हे खाज चेतवणाऱ्या एका प्रथिनाला पकडून ठेवणारं प्रतिपिंड आहे. एका इंजेक्शनाचा परिणाम साधारण चार ते आठ आठवडे टिकतो, आणि ते स्टेरॉइड नाही. मिळण्याची शक्यता आणि किंमत दोन्ही तुमच्या डॉक्टरांना विचारा. सायक्लोस्पोरिनला परिणाम दाखवायला चार ते सहा आठवडे लागतात. पहिल्या दिवसांत उलट्या होऊ शकतात, म्हणून बरेच जण घाबरून बंद करतात. नंतर पुष्कळ कुत्र्यांत दिवसाआड देऊनही भागतं.

सेटिरिझिनसारख्या गोळ्यांनी फार थोड्या कुत्र्यांना फायदा होतो. द्यायचीच तर डॉक्टरांना विचारून आणि साधी. माणसांच्या सर्दीच्या मिश्र गोळ्यांमधलं स्यूडोएफेड्रिन किंवा पॅरासिटामॉल कुत्र्याचा जीव घेऊ शकतं. ओमेगा-३ म्हणजे माशाचं तेल कातडीला बळ देतं, पण दोन-तीन महिन्यांनी.

अ‍ॅलर्जीच्या मुळाशी जाणारा उपचार एकच आहे, इम्युनोथेरपी. त्वचेत सूक्ष्म टोचण्या देऊन किंवा रक्तातून कशाची अ‍ॅलर्जी आहे ते शोधायचं आणि त्याच गोष्टीची वाढत जाणारी मात्रा द्यायची. अर्ध्याहून अधिक कुत्र्यांना फायदा होतो, पण सहा महिने ते वर्ष धीर धरावा लागतो, आणि सोय सगळीकडे नाही. अवघड केससाठी ठाणेकरांना परळ जवळचं. १८८६ साली सुरू झालेलं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय तिथे आहे, आणि त्याच आवारात बाई साकरबाई दिनशा पेटिट प्राणी रुग्णालय. जाताना कालनिर्णयाची पानं, जुने कागद आणि आजवर दिलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या.

केव्हा थांबायचं नाही

तोंड किंवा डोळ्यांभोवती एकदम सूज, अंगभर गांधी, श्वास घ्यायला त्रास, वारंवार उलट्या: तेव्हाच्या तेव्हा दवाखाना. कातडीवर ओला, लालभडक, झपाट्याने पसरणारा चट्टा म्हणजे हॉट स्पॉट. त्याच दिवशी दाखवा आणि तोवर चाटता येऊ नये म्हणून गळ्यात प्लास्टिकचा कोन घाला. ताप, सुस्ती, खाणं सोडणं हे नुसत्या अ‍ॅलर्जीत होत नाही. आपल्याकडे अशा वेळी गोचीडताप आधी तपासतात.

पावसाळ्याची तयारी

मे संपता संपता मी काही गोष्टी करून ठेवते. पिठीच्या गादीला दोन खोळी, दर आठवड्याला एक गरम पाण्यात, कारण धुळीतले सूक्ष्म किडे ओलसर हवेत बेसुमार वाढतात. सोफ्याच्या फटी व्हॅक्यूमने साफ. ओल धरणाऱ्या भिंतीपासून तिची जागा दूर. फरशी साध्या पाण्याने, कारण फिनाइलच्या ओल्या फरशीवर पोट टेकून झोपणाऱ्या कुत्र्याच्या पोटावर पुरळ येऊ शकतं. जिन्यात फिनाइल पडतंच, म्हणून दाराशी पाण्याची बादली आणि जुना पंचा: वर आलं की चारही पंजे बुडवायचे आणि बोटांमध्ये पुसायचे. फिरायला उपवनचा कडेचा रस्ता किंवा सोसायटीचा फरसबंद भाग, येऊरच्या उंच गवतात आणि मोकळ्या प्लॉटवरच्या गाजरगवतात नाही. आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात, आकडा चारच्या वर जायच्या आत, डॉक्टरांची वेळ घेतलेली असते.